शीग

‘पगार’ हा शब्द आमच्या आजीच्या तोंडी फक्त मुंबईतल्या माणसांसाठी असे. पगार आजोबांना व्हायचा, गिरणीत. तिला स्वतःला मिळायचं ते भात. लावणीच्या दिवसाला बाईला दोन शेर, बाप्याला तीन, आणि दुपारची भाकरी काम देणाऱ्या घरची. मजुरी म्हणजे ओच्यात बांधून घरी आणायची वस्तू. आणली की उखळात घालायची, कांडायची, कण्या वेगळ्या काढायच्या आणि रात्री पेज शिजवायची. सकाळी केलेलं काम रात्री पोरांच्या पोटात जायचं. मधे पैसा कुठे लागतच नसे.

हेदवीतल्या आमच्या वाडीवर खळ्यात बसून ती हे सांगायची तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन, म्हणजे १९७४-७५ साल. कंदिलाची काच राखेने पुसता पुसता बोलायची. तिच्या गोष्टींत राजाराणी कधी आली नाही. खोताचं खळं, त्यावर झोडलेल्या भाताची रास, पायलीचं माप आणि त्या मापावरून फिरणारा हात, एवढ्यावर तिची गोष्ट उभी राहायची.

माप दोन तऱ्हांनी भरता येतं. पायलीत भात ओतत राहिलं की काठाच्या वर टोकदार ढीग उभा राहतो, ती शीग. काठावरून तळहात सरळ फिरवला की शीग खाली पडते आणि माप सपाट होतं. दोन्हीला पायलीच म्हणायचं. कुळाकडून वाटा घेताना माप शिगेचं असायचं आणि मजुरीचं भात देताना सपाट, असं आजी सांगायची. “माप येकच रे बाला, नि मानूस बी तोच. घेताना त्याचा हात मांडीवर, देताना मापावर.” हे सांगताना ती स्वतःचा हात खरोखरच मांडीवर ठेवायची आणि मग हवेत आडवा फिरवायची. तो हात मला अजून दिसतो.

खोती ही आमच्या जिल्ह्याची जुनी गोष्ट. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये वसुलीला खोत. १८८०च्या खोती कायद्याने त्याचे हक्क कागदावर पक्के केले. भातजमिनीच्या पिकात अर्धेल, डोंगरउताराच्या वरकसात तिर्धेल, असा साधारण हिशेब. त्याशिवाय वेठ. वर्षातले काही दिवस कुळाने नांगर-बैल घेऊन खोताच्या शेतात फुकट राबायचं. आजीला वेठीचे दिवस आणि मजुरीचे दिवस यांत फार फरक वाटत नसे. वेठीला भात नाही आणि मजुरीला सपाट पायली, एवढाच. मजुरी किती हे विचारायची रीत नव्हती. विचारून जायचं कुठे? गावात काम देणारं दार एकच.

या एका दारावर ज्या माणसाने बोट ठेवलं तो आमच्याच जिल्ह्याचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. १९२९ साली चिपळूणच्या शेतकरी परिषदेत ते खोतीविरुद्ध बोलले आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी खोती मोडण्याचं विधेयक आणलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ साली त्यांनी किमान वेतनाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं, आणि त्याचा कायदा झाला १९४८ साली. खोती गेली १९४९च्या कायद्याने. खोतीचं विधेयक आणि वेतनाचं विधेयक एकाच माणसाच्या हातचं आहे, हे मला शिक्षक झाल्यावर कळलं. कळलं त्या दिवशी मी घरी येऊन आजीला सांगितलं. तिने बाबासाहेबांचं नाव ऐकलेलं होतं, वेतनाच्या कायद्याचं नव्हतं.

तिला माहीत नसावं यात नवल नाही. कायद्याची रचना अशी: सरकारने धंद्यांची अनुसूची करायची, त्यांतल्या प्रत्येकाला कमीत कमी दर ठरवून द्यायचा, मालक आणि कामगार सारख्या संख्येने बसतील असं सल्लागार मंडळ नेमायचं, पाच वर्षांच्या आत दराचा फेरविचार करायचा. भाता-पिठाच्या गिरण्या, विड्या, तेलघाण्या हे सगळं अनुसूचीच्या पहिल्या भागात. दुसऱ्या भागात एकच काम, शेती. देशातली सगळ्यांत जास्त माणसं ज्या कामात होती ते शेवटच्या पानावर. त्या पानाची बातमी आमच्या वाडीवर यायला सत्तरचं दशक उजाडलं.

पण आजीची मजुरी त्याच्या कितीतरी आधी वाढली होती. कशी वाढली, ती गोष्ट ती दर पावसाळ्यात एकदा तरी सांगायची.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना कापडाची मागणी इतकी आली की पाळ्या वाढल्या आणि हात कमी पडायला लागले. त्या सुमारास एका वर्षी नवरात्र झाल्या झाल्या आमच्या वाडीवरचे सात बापे एकदम निघाले. आजोबा त्यांतले एक. चालत तवसाळ, तिथून तरीने खाडीपलीकडे जयगड, मग पडावातून आगबोटीवर. आजी त्यांना तवसाळपर्यंत पोचवायला गेली होती, कडेवर माझे वडील. बोटीचा धूर दिसेनासा होईपर्यंत बायका धक्क्यावर उभ्या होत्या. परत आल्या तर भात कापणीला आलेलं.

दर वर्षी कापणीला खोताकडून निरोप यायचा: उद्या या. त्या वर्षी खोताचा धाकटा भाऊ स्वतः वाडीवर आला आणि आमच्या खळ्यात उभा राहिला. माणसं कमी होती, वारा सुटला होता, दाणे झडायला लागले होते. आजी आणि तिच्या दोन जावा गप्प बसल्या होत्या. मग थोरल्या जावेने एवढंच विचारलं, “माप कसं?” तो काही बोलला नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी भात मोजताना मापावरून हात फिरला नाही. ओच्यात शीग आली.

सात माणसं बोटीत बसली आणि मागे राहिलेल्या बायकांच्या मापाला शीग आली. कायदा तोवर व्हायचाच होता. मजुरी कशी वाढते हे शिकायला मी पुढे पुष्कळ पुस्तकं वाचली, पण याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेलं नाही. गावाला दुसरं दार फुटलं होतं.

त्या दुसऱ्या दारातही एक दार होतं, ती गोष्ट मात्र वडिलांची.

वडील १९५७ साली मुंबईला गेले. गिरणीत तेव्हा कमीत कमी वेतन ठरलेलं होतं. १९४७ साली औद्योगिक न्यायालयाने मुंबईच्या कापड गिरण्यांत २६ दिवसांच्या महिन्याला ३० रुपये किमान मूळ वेतन बांधून दिलं होतं, वर महागाई भत्ता. कोकणातल्या माणसाला हा आकडा म्हणजे जमिनीवर पाय टेकल्यासारखा. साचेखात्यात कायम असलेला माणूस गावी गेला की त्याच्या चालण्यावरून कळायचं, असं वडील म्हणायचे. पण वडील कायम नव्हते, ते बदली होते. बदलीचं कार्ड हातात घेऊन पहाटे भोंग्याच्या आधी गिरणीच्या दारात उभं राहायचं. आत कुणाचा खाडा पडला तर जॉबर, म्हणजे मुकादम, बाहेर येऊन बोट करणार: तू, तू आणि तू. ज्याच्याकडे बोट झालं त्याला त्या दिवसाचा पुरा, ठरलेला दर. बाकीचे खोलीवर परत. महिन्यात कधी बारा दिवस, कधी पंधरा, गणपतीत आणि शिमग्याला सगळे गावी गेले की पंचवीससुद्धा. त्या महिन्यात मात्र वडिलांना गावी यायला मिळायचं नाही. माझ्या लहानपणातले बहुतेक शिमगे वडिलांविना गेले ते यामुळे.

“दर आतल्याचा ठरला,” वडील सांगायचे. “आम्ही दारात.” त्यांच्या आवाजात कायद्याबद्दल राग कधीच नसे. आत गेल्यावर तोच दर आपल्यालाही मिळतो हे त्यांना ठाऊक होतं. पण दारातल्या माणसाचा दिवस कुठल्या हिशेबात धरायचा, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्यांना कुणी दिलं नाही.

आमच्याकडे अजून एक मुंबईकर होती. आजोबांची बहीण, आम्ही तिला मुंबईआत्ते म्हणायचो. तरुणपणी विधवा झाली आणि भावाच्या मागोमाग गिरणीत लागली, रिळखात्यात. सुताच्या लडी करायचं काम, सगळ्या बायका, वर नायकीण. चौदा-पंधरा वर्षांनी खातं बंद झालं आणि ती ट्रंक घेऊन परत आली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. सत्तरच्या दशकापर्यंत शंभरांत पाचसुद्धा उरल्या नाहीत. त्याला कारण एक नाही. बायकांना रात्रपाळीची बंदी होती, १९२९ सालापासून बाळंतपणाचा भत्ता मालकावर आला, दर सगळीकडे सारखे बांधले गेले, नवी यंत्रं आली आणि त्या यंत्रांवर पुरुष बसले. यांतले काही नियम तर बाईच्या भल्यासाठीच केलेले होते. आत्ते मात्र परत आली आणि उरलेलं आयुष्य तिने लोकांच्या सुपाऱ्या सोलून काढलं. किमान वेतनाने अडाणी माणसाचं काम जातं असं कुणी म्हणालं की मला रागवायच्या आधी आत्ते आठवते. त्या म्हणण्यात खरं किती हे तिच्यासाठी तरी नीट बघायला हवं, असं मला वाटत आलं.

अर्थशास्त्रात ही जुनी मांडणी आहे. दर बाजारापेक्षा वर बांधला की मालक माणसं कमी लावणार, आणि पहिला जाणार तो ज्याच्या हातात कसब कमी. बरीच वर्षं हे पाठ्यपुस्तकात निर्विवाद छापलं जायचं. मग १९९२ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने तासाचा किमान दर सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंट केला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केला नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रुगर या दोघांनी दोन्हीकडची मिळून चारशेवर खाद्यगृहं दर वाढायच्या आधी आणि नंतर तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटलेल्या त्यांना आढळल्या नाहीत. वाद पुष्कळ झाला, अजून चालू आहे. कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळालं, क्रुगर त्याआधीच गेले होते. असं का झालं असेल याचं एक स्पष्टीकरण अर्थशास्त्रज्ञ देतात: जिथे काम देणारा एकटा किंवा मोजका असतो तिथे तो मजुरी मुळातच कमी ठेवू शकतो, म्हणून वरून दर बांधला तरी माणूस काढावा लागत नाही, मालकाच्या पदरात पडत होतं तेवढं कमी होतं. हे वाचलं तेव्हा मला न्यू जर्सी दिसलीच नाही. खोताचं खळं दिसलं. मापावर हात न फिरवल्याने खोताने त्या कापणीला एकही बाई कमी लावली नव्हती.

आत्तेचं तसं झालं नाही, कारण तिथे मालकाकडे यंत्र होतं. आणि कधी मालक उठून जाऊही शकतो. १९६८ साली केरळात विडी कामगारांच्या कायद्याची अंमलबजावणी व्हायला लागली तेव्हा कण्णूरकडच्या मोठ्या विडीमालकांनी तिथलं काम बंद केलं, हजारो माणसं रस्त्यावर आली. पुढच्याच वर्षी त्या कामगारांनी सरकारच्या मदतीने ‘केरळ दिनेश विडी’ ही स्वतःची सहकारी संस्था उभी केली आणि कायद्याचा दर स्वतःच स्वतःला दिला. त्यांनी दुसरं दार आपल्या हाताने बांधलं. सगळ्यांना ते जमतं असं नाही.

महाराष्ट्रात ते दार सरकारने बांधलं, आणि देशात कुणी बांधलं नव्हतं तेव्हा बांधलं. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगलीच्या तासगाव तालुक्यात केलेला प्रयोग, मग १९७२चा दुष्काळ, मग १९७७चा रोजगार हमी कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात. मागेल त्याला काम. त्यासाठी १९७५ साली नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. वडिलांच्या पगाराच्या चिठ्ठीवर ज्या महिन्यात पुरेसे दिवस भरत त्या महिन्यात ही कपात असायची. गिरणीच्या दारात उभं राहून मिळवलेल्या पैशांतले दोन-चार रुपये घाटावर कुणाच्या तरी हजेरीपत्रकावर जात होते. वडिलांना हे कळलं तेव्हा ते बरं म्हणाले आणि चिठ्ठी घडी करून ठेवली. त्या चिठ्ठ्या माझ्याजवळ आहेत.

रोजगार हमीचा खरा अर्थ मला आजीच्या गोष्टीमुळेच कळला. रस्त्यावर खडी फोडायला जाता येतं, एवढं कळलं तरी शेतमालकाच्या खळ्यात उभं राहून “माप कसं?” असं विचारता येतं. सगळ्यांनी खडी फोडायला जायची गरज नसते. सातच गेले होते बोटीने.

मग १९८८ आलं. त्याआधी १९८३ साली राजस्थानातल्या दुष्काळी कामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की सरकारी मदतकार्यावरसुद्धा किमान वेतनापेक्षा कमी देणं ही घटनेच्या तेविसाव्या कलमाने बंदी केलेली वेठ आहे. न्यायालयाने आजीचाच हिशेब मांडला: वेठ आणि सपाट पायली यांत फरक नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर शेतमजुरीच्या किमान दराशी जोडलेला होता. १९८८ साली तो किमान दर जवळजवळ दुप्पट झाला, त्याबरोबर हमीच्या कामाचाही. योग्य झालं, असंच मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो. पण दर दुप्पट झाला तर मागणारे वाढायला हवेत. हजेरी मात्र खाली आली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या तिघांनी हे आकडे तपासून १९९३ साली लिहिलं की काम मागणाऱ्यांना काम मिळेनासं झालं होतं, हमीचं काम शिधा वाटल्यासारखं मोजून मिळत होतं. पैसा तेवढाच ठेवून दर वाढवला की कामं कमी निघतात, कामाची जागा लांब ठरते, मागणारी बाई दोन खेपा घालून गप्प बसते. वडील हे ऐकून म्हणाले, “म्हणजे तिथंबी बदलीच.”

मला इथे सरकारचा राग येतो, कायद्याचा नाही. किमान दर बांधणं हा अर्धा संसार झाला. दर बांधला आणि दारातल्या माणसाला काम द्यायची जबाबदारी घेतली नाही तर तो दर आतल्यांचाच राहतो.

कोकणाच्या वाट्याला हमी वेगळ्या रूपात आली. १९९०च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना सुरू झाली. कलमांचा, खड्ड्यांचा, मजुरीचा खर्च सरकारकडून. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरण्यांचा संप वडिलांसारख्या माणसांसाठी कधी संपलाच नाही. अडीच लाख कामगारांतले कितीतरी आमच्यासारख्या गावांना परत आले होते. वडील रिकामे होते. ज्या वरकसातून खोत तिर्धेल न्यायचा तो तुकडा कूळकायद्याने आमचा झाला होता. त्यात वडिलांनी आणि आईने काजूसाठी आणि आंब्यासाठी खड्डे मारले, आंब्याचा खड्डा मीटरभर लांब, रुंद आणि खोल. कातळाचा थर लागला की पहार वाजायची. स्वतःच्या जमिनीत स्वतः खणायचं आणि त्याची मजुरी मिळायची, हे आजीच्या समजुतीपलीकडचं होतं. ती खड्ड्याच्या काठावर बसून रोज विचारायची, “ह्याचं भात कोन देनार?”

ती १९९४ साली गेली. त्या सुमारास तिकडे अंजनवेलला वीजप्रकल्पाचं बांधकाम सुरू झालं आणि तरुण पोरं रोजंदारीवर तिथे जायला लागली. भातशेतीला गडी मिळेना ही ओरड वाडीवर पहिल्यांदा तेव्हा ऐकली. २००१ साली तो प्रकल्प काही वर्षांसाठी बंद पडला, पोरं परत आली, पण शेतात उतरली नाहीत. विरार-नालासोपाऱ्याला गेली. जनगणनेत दिसतं ते: २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ साली १६,१५,०६९. वाढायच्या ऐवजी घटली, आणि राहिलेल्यांत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. हापूसच्या बागा राखायला आता नेपाळहून माणसं येतात.

आता माझी गोष्ट सांगितली पाहिजे. आमचं वीस गुंठे भातखाचर आहे, ते मी पड ठेवलेलं नाही. लावणीला पुरुषाला सहाशे आणि बाईला साडेतीनशे हा आमच्या वाडीवरचा दर. २०२४-२५ साली केंद्राच्या रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २९७ होता, तेव्हा बाईचा दरही त्याच्या वर. पण लावणीत पुरुष चिखळणी करून बांधावर बसतो आणि बाई दिवसभर कमरेत वाकून आवणाच्या मुठी रोवत जाते. समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ सालचा, मी तो वर्गात शिकवत आलो आणि शेतात बाईला कमी दर देत आलो. निवृत्त झाल्यावर हे मला सहन होईना. दोन वर्षांपूर्वी मी बाईलाही सहाशे दिले.

त्या बायकांचे चेहरे सांगत बसत नाही. शेजारचे काका दुसऱ्याच दिवशी आले. त्यांचं खाचर आमच्या बांधाला बांध लागून. “गुरुजी, तुमचं निवृत्तिवेतन आहे. आम्ही कुठून आणू?” त्यांच्यासमोर मी वही उघडली. वीस गुंठ्यांत सहा क्विंटल भात, २३०० रुपये क्विंटलचा हमीभाव धरला तर १३,८०० रुपये. लावणी, बेणणी, कापणी, झोडणी मिळून वीसेक माणूसदिवस. सहाशेने बारा हजार तिथेच गेले, पॉवर टिलरचं भाडं आणि खत वेगळं. साडेतीनशेने काढलं तरी हातात फार उरत नाही, आणि त्यातून वानर नि रानडुक्कर ठेवतील तेवढंच आपलं. काकांनी त्या वर्षी खाचर पड टाकलं. ते टाकणारच होते, मुलगा यायचा बंद झाला होता. पण माझा दर हे शेवटचं निमित्त झालं, हे मी नाकारत नाही. त्यांच्याकडे लावणी-कापणीला जाणाऱ्या दोघींचे मिळून सोळा दिवस बुडाले.

त्यांतली एक चाळिशीची. ती आता हेदवीतली बामणघळ आणि गणपतीचं देऊळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठीच्या घरगुती खानावळीत मोदक वळायला जाते, आणि तिथे ती दर स्वतः सांगते. तिला दुसरं दार मिळालं. दुसरी सत्तरीची. तिला आम्ही काकी म्हणतो. तिचे आठ दिवस गेले ते गेलेच. सहाशे रुपयांत लोक तरणी बाई बघणार. काकीला कुणी साडेतीनशेतही बोलवत नव्हतं फारसं, काकाच बोलवायचे, जुन्या ओळखीने. कायदा तिच्याबद्दल काय म्हणतो ते मी शोधलं. १९४८च्या कायद्यात, नगाचा वेगळा किमान दर ठरलेला नसेल तर नगावर काम करणाऱ्यालाही दिवसाचा किमान दर पडलाच पाहिजे असं कलम होतं. बरोबर आहे, नाहीतर सगळेच मालक नगाचा दर लावून मोकळे होतील. पण काकी दिवसभरात जेवढं करू शकते त्याला तो दर पाडायचा तर द्यायचा कुणी? मी देतो. मला निवृत्तिवेतन आहे. काका बरोबरच बोलले होते. हे उत्तर माझ्या घरापुरतं आहे, वाडीपुरतंसुद्धा नाही. वाडीवर काकीच्या वयाच्या अकरा जणी आहेत.

गेल्या फाल्गुनात काकी आमच्याकडे सुपारी सोलायला बसली. लाकडात बसवलेल्या पात्यावर वाळलेलं फळ दाबायचं, साल उलटायची, सुपारी टोपलीत. तीन-चार दाबांत एक मोकळी होते. तिची बोटं वाकडी झालीत, पण पात्याशी ती चुकत नाहीत. शेजारी आई, ती ऐंशीची, नुसती सोबतीला. दर ठरवायला मी वजनकाटा आणला होता, किलोमागे हिशेब करू म्हटलं. काकीने काट्याकडे बघितलं आणि मान हलवली.

“त्यातलं मला काय दिसतं? पायली हाय नं तुझ्या आजीची?”

माळ्यावरून पायली काढली, फडक्याने पुसली. मी सोललेली सुपारी भरायला लागलो. काठ भरला, वर ढीग चढला, दोन सुपाऱ्या घरंगळून खळ्यात गेल्या. मी अजून ओतणार तोच काकीने हात पुढे केला, तळवा काठावर टेकवला आणि सरळ या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. वरची सुपारी टोपलीत परत पडली.

“येक,” ती म्हणाली, आणि पुढचं फळ पात्यावर ठेवलं.